शेवटच्या चेंडूची खूण

राज्यांच्या संघांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा चाळीस वर्षांची झाली, तेव्हा संघटनेच्या सचिवांनी तिचा इतिहास छापायचं ठरवलं आणि ते काम थोरलीच्या गळ्यात टाकलं. थोरली जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होती. तिच्या हातून नोंद चुकत नाही, असा तिचा लौकिक. शिवाय जुनी स्कोअरबुकं, कात्रणं, संघांच्या याद्या असं कपाटभर सामान तिनं जपून ठेवलेलं. आणि बायकांची स्पर्धा अकराव्या वर्षी सुरू झाली, त्याच वर्षी ती स्पर्धा जिंकणाऱ्या संघाची थोरली कॅचर होती, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी.

लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती पिचर. डाव्या हातानं चेंडू टाकायची म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. फायनलला शेवटच्या इनिंगमध्ये एका रनची आघाडी होती, तिन्ही बेसवर समोरच्या संघाच्या पोरी धावायला टपून होत्या, एका फटक्यात मॅच हातची गेली असती, आणि डावरीच्या एका चेंडूवर समोरची शेवटची बॅटर आऊट झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. दोन्ही हात वर करून हसणारी डावरी, आणि कोपऱ्यात थोरलीची पाठ, मास्कच्या पट्ट्यांसकट.

वर्षभरात थोरलीच्या धाकट्या भावानं डावरीशी लग्न केलं. ओळख थोरलीनंच करून दिली होती. आईनं तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. आलेल्यागेलेल्याला ती दाखवायची, ही आमची सून, आणि ही पाठ आमच्या मुलीची. सगळे हसायचे. थोरलीही हसायची. एकोणतीस वर्षं हसत होती.

आतल्या जळफळाटावर तिनं एक उतारा शोधला होता. तो शेवटचा चेंडू मी मागितला होता, असं ती सांगायची. कोणता चेंडू टाकायचा याची खूण कॅचरच बोटांनी करते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. ऑफिसात सांगून झालं, नवऱ्याला सांगून झालं, मुलगी तर ते ऐकतच मोठी झाली. पण ते खोटं होतं. थोरलीनं वळणारा चेंडू मागितला होता. डावरीनं मान हलवून नकार दिला. थोरलीनं पुन्हा तीच खूण केली. डावरीनं पुन्हा मान हलवली आणि सरळ, वेगात चेंडू टाकला.

पहिल्या दहा वर्षांचा इतिहास तिनं दोन महिन्यांत हातावेगळा केला. पहिल्या वर्षी चारच राज्यं आली होती आणि त्यांतले दोन संघ एकमेकांचे ग्लोव्ह वापरून खेळले होते. सहाव्या वर्षी पावसामुळे फायनल झालीच नाही, आणि ट्रॉफी सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. एका राज्यानं ती परत द्यायला तीन वर्षं लावली. हे सगळं तिनं मजेत लिहिलं. अकरावं वर्ष आलं आणि हात अडला. सचिव म्हणाले, पिचरची मुलाखत घ्या, घरातलीच तर आहे.

रविवारी सकाळी ती भावाकडे गेली. डावरी आता गाडी शिकवायच्या क्लासमध्ये शिकवायची. डावा खांदा पार गेला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. दोरीवरचे कपडे भाऊ काढत होता. आई डावरीच्या हातूनच गोळ्या घेत होती. आपण दिल्या की तिला त्या कडू लागतात, हे थोरलीला ठाऊक होतं.

फोन रेकॉर्डिंगला लावून तिनं क्रमानं प्रश्न विचारले. शेवटच्या चेंडूपाशी आल्यावर डावरी सासूकडे बघून म्हणाली, "तो हिनं मागितला होता. मी नुसता टाकला."

आई थोरलीकडे वळली. "मला कधी बोलली नाहीस ते?"

थोरलीनं रेकॉर्डिंग बंद केलं. जिन्यात डावरी पोचवायला आली तेव्हा थोरलीनं विचारलं, असं का सांगितलंस?

"तूच सांगतेस ना सगळ्यांना. तुझी मुलगी बोलली होती मागे कधीतरी. असू दे गं. एक चेंडू तर आहे."

एक चेंडू तर आहे. हे शब्द थोरलीला घरी पोचेपर्यंत बोचत राहिले. तरीही डावरी जे बोलली तेच तिनं लिहून पाठवलं. सचिव खूश झाले. आईनं फोनवर तिला ते दोनदा वाचायला लावलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, डोकं तुझं होतं तर. एकोणतीस वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, पण अंगाला होत नाही म्हणून कुणी आपला स्वेटर द्यावा तसं. आठ दिवसांनी प्रूफ आलं. थोरलीनं लाल पेनानं ती ओळ खोडली आणि घडलं होतं तसं लिहिलं. दोनदा खूण, दोनदा नकार, चेंडू डावरीचा. तो प्रामाणिकपणा नव्हता, हे तिला लिहितानाच कळत होतं. तिला डावरीचं काही घ्यायचं नव्हतं, एवढंच.

पुस्तकाचं प्रकाशन यंदाच्या फायनलच्या आधी मैदानावरच झालं. सचिवांनी माइकवरून नेमकं तेच पान वाचलं. डावरीच्या हिमतीला टाळ्या पडल्या, मग थोरलीच्या खरेपणाला पडल्या. दोघी शेजारी बसल्या होत्या. डावरी टाळ्या वाजवत नव्हती.

"तुला एकदाच काहीतरी दिलं," ती हळू म्हणाली, "तेही चारचौघांत परत केलंस."

"मला दिलेलं नको होतं."

"मग हवं तरी काय होतं?"

"तुझं सगळं," थोरली म्हणाली. हे तोंडातून निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

डावरी मॅच संपताच निघून गेली. महिनाभर फोनही नाही. मग आईच्या तपासणीची तारीख आली, दोघी दवाखान्यात गेल्या आणि बाकावर बसल्या बसल्या जुंपली. खांदा जायला तुझे शंभर-शंभर चेंडूंचे सराव कारण, असं डावरीनं ऐकवलं. तेही तिनं एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं. थोरलीनं माझ्या आईला फितवलंस म्हणून सुनावलं. नर्सनं दोघींना बाहेर काढलं.

थोरलीचा मत्सर काही गेला नाही. आता फक्त दर रविवारी त्याचा आवाज होतो. भाऊ परवा वैतागून म्हणाला, तुम्ही गोड बोलत होता तेव्हाच बरं होतं.

"तेव्हा कुठे बरं होतं," आई म्हणाली आणि गोळीसाठी हात पुढे केला.