आत्याचा एक पाय बुटात

"आत्या, ते बूट काढ, नाहीतर पाय हातात येईल," भिंगरी म्हणाली आणि सकाळी सकाळी घरात जुंपली.

पूर ओसरला, पण चिखल काही हटेना. घरात गमबुटांचा एकच जोड, मदतीच्या गाडीतून आलेला. पहाटे बाबा तो घालून गोठ्यात जायचे, मग काका मोटर बघायला, मग दिवसभर आत्या. बूट आतून वाळायला उसंतच नाही. सगळ्यांच्या बोटांत चिखल्या झालेल्या. आत्याचा पाय तर जमिनीला टेकवेना.

आणि पेरणी तोंडावर. गाळ जरा सुकून वाफसा आला, की बैलांची पाभर धरून पेरायचं. पाभरीमागे चालत चाड्याच्या नरसाळ्यातून एकसारखं बी सोडणारा हात घरात एकट्या आत्याचा. ती बसली की शेतही बसलं.

नर्सबाई मलम देऊन, बजावून गेल्या होत्या: पाय साबणाने धुवा, बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करा, एकमेकांचे ओले बूट घालू नका.

"तिचं काय जातंय? ती येते फटफटीवर," आत्या फणकारली. "बुटात पाय कोरडा राहतो."

"आत हात घालून बघ."

"बघितला. थोडा ओलसर आहे. घाम असेल."

"कुणाचा? तुझा, बाबांचा की काकांचा?"

काका खाजवता खाजवता फिसकन हसले.

"बरं, एक पाय तुझा, एक माझा," भिंगरी म्हणाली. "डावा घाल खुशाल बुटात. उजव्याला हात लावायचा नाही."

आत्या हट्टाची. एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून ती गावभर हिंडली.

"ताई, दुसरा बूट वाहून गेला काय?" शेजारीण म्हणाली.

"भाचीने जप्त केलाय."

शाळेतून आली की भिंगरी उजवा पाय स्वच्छ पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने बेचकी न् बेचकी टिपायची, मलम लावायची. आठवडा सरता सरता उजव्याची आग थांबली. डावा मात्र टोमॅटोसारखा लाल.

एका संध्याकाळी आत्याने गुपचूप डावा पाय पुढे केला.

"हा तर तुझा ना?"

"जास्त शहाणपणा नको. पाणी आण."

मग बाबा, काकाही रांगेत बसले. बूट उन्हात उलटे टांगले.

वाफसा येईतो डावाही बरा झाला. पेरणीच्या दिवशी आत्या पाभरीमागे अशी चालली, की बैलांनाच दम लागला. शेवटच्या ओळीचं तास संपवून ती बांधावर टेकली. शेजारीण चहा घेऊन आली होती. तिच्या चिखलाने भिजलेल्या पायांकडे बघून आत्या म्हणाली, "चहा राहू दे. आधी पायाची बोटं पूस. बेचक्यांतून. हे मी स्वतः शोधून काढलंय."

बांधावरच बसलेल्या भिंगरीने मान खाली घालून हसू दाबलं आणि फडकं पुढे केलं.