लागातने उडवलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण चहा सांडून कायमचं अडकलं, पण माझा राग अजून ताजा आहे. तो कोणावर, ते ऐका.

केनियात, इटेन नावाच्या उंच डोंगरगावात, धावणाऱ्या मुलींची एक छावणी आहे. तिथे मला सेरोनेय नावाच्या शिक्षिकेने आणलं. तिची धाकटी बहीण जेबिवोट तिथे धावायची. सेरोनेयने माझ्या पडद्यावर चौकटी मांडल्या आणि बाणांनी जोडल्या. पहिल्या चौकटीत मुलींच्या घड्याळांतल्या फेऱ्यांच्या वेळा यायच्या, शेवटच्या चौकटीत त्यांची तुलना व्हायची. मधली एक चौकट मात्र माझी लाडकी. आमचं मैदान मातीचं. पाऊस झाला की आतल्या कडेला चिखल होतो, मग तिथे प्लास्टिकचे शंकू मांडून मुलींना बाहेरून पळवतात. फेरा लांबतो, वेळ वाढते. ती वाढ ही चौकट वजा करायची.

पुढे सेरोनेयची दूर बदली झाली आणि मी कोच लागातच्या ताब्यात गेलो. त्याच सुमारास जपानच्या एका संघात जागा निघाली, नोकरीसकट, पण एकच. लागातला तिथे छावणीतलीच आपली भाची चेलिमो घुसवायची होती. चेलिमो पाऊस दिसला की पांघरूण ओढायची. जेबिवोट प्रत्येक चिखलात धावलेली. लागातने चहा पीत पीत मधली चौकट उडवली. झालं! जेबिवोट एकदम तळाला गेली.

"यंत्र कधी खोटं बोलतं का?" लागात भर जेवणघरात म्हणाला.

जेबिवोट माझ्याकडे बघत राहिली. "मेल्या, तूसुद्धा?" एवढंच बोलली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो हो! धावणाऱ्यांतून तिचं नाव कटलं, आणि छावणी सुटू नये म्हणून ती स्वयंपाकघरात कामाला लागली. मी लागातचा कप ठेवायचा पाट झालो. रोज गरम कप पाठीवर यायचा आणि रोज मी मनात म्हणायचो, थांब लेका, तुझाही दिवस येईल.

तो आला. निवड पक्की करायला जपानच्या त्या संघातर्फे चेसांग मॅडम आल्या. आदल्या दिवशी धो धो पाऊस झालेला, शंकू मांडलेले. मॅडम समोर उभ्या, त्यामुळे चेलिमोला पांघरूण सोडून धावावंच लागलं. मॅडमनी त्यांच्या शहरातल्या मुलींच्या, कोरड्या मैदानावरच्या वेळा आणल्या होत्या. "तुलना करून दाखवा," त्या म्हणाल्या. लागातने ऐटीत दोन्ही वेळा माझ्यात भरल्या.

माझ्या वयाला बंद पडणं सहज शोभलं असतं. पण मी पडदा लख्ख उजळला आणि दाखवलं: चेलिमो सगळ्यांच्या खाली, लालभडक!

लागात ताडकन उठला. "चूक आहे हे, मॅडम! आज शंकू होते! फेरा लांब होता, तो वजा नको करायला?"

दारात जेबिवोट चहाची किटली घेऊन उभी होती. "का हो कोच, मी धावायचे तेव्हा शंकू झोपायला जायचे का?"

मुली फिस्सकन हसल्या. मॅडमनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मांडा ती चौकट. आत्ता, माझ्यासमोर." ज्या बोटाने उडवली त्याच बोटाने त्याला मांडावी लागली. जेबिवोटचं नाव वर चढत गेलं आणि पहिलं आलं. माझा पंखा घरघरला. लोकांना वाटलं मी बिघडलो. छे, मी हसत होतो!

जपानला निघताना जेबिवोटने बाहीने माझ्यावरचे चहाचे डाग पुसले. "जा, तुला माफ केलं," म्हणाली.

मित्रांनो, आमची निगा राखा. आमच्यावर कप ठेवू नका आणि आमच्याकडून खोटं वदवू नका. आम्हाला तोंड नसतं, पण तुम्हाला असतं ना, तेच तुम्हाला पकडून देतं!

पाऊस झाला की पहाटे शंकू मांडायचं काम मॅडमच्या हुकमावरून आता लागातकडे आहे. मी खिडकीतून बघतो. त्याचे बूट चिखलात रुततात. रुतू देत.