धोतराचं झबलं

“हे उसवावं लागेल, आजी,” काउंटरमागची मुलगी म्हणाली.

सरूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या कुरिअरच्या दुकानात काउंटरवर आमचं पार्सल पडलं होतं. मांजरपाटात चारी बाजूंनी शिवलेलं, दोऱ्याच्या गाठींवर लाल लाख, आणि वर माझ्या अक्षरात ऑस्ट्रेलियाचा पत्ता.

“उसवू? आगं, काल सगळी दुपार घालवली आमी शिवायला.”

“आत काय आहे ते बघितल्याशिवाय घेता येत नाही. विमानाने जायचंय ना. आणि आम्ही बॉक्समध्ये पॅक करतो. कापडात कुणी आणत नाही आता.”

“ऐका, बाई,” सरूबाई मला म्हणाल्या. “तुमच्या लाखंपायी माजी बोटं भाजली, आन् ही पोरगी म्हनती कापडात कुनी आनतच न्हाई.”

पार्सल म्हणजे शिवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझा थोरला भाऊ हौसराव दौंडच्या रेल्वेतली नोकरी सोडून मस्कतला गेला, तेव्हा आई वर्षातून एकदा त्याला पार्सल करायची. पोस्टातला माणूस शिवण बोटाने ओढून बघायचा आणि सैल लागली की परत द्यायचा. आई फणकाऱ्याने तिथेच पायरीवर बसून पुन्हा टाके घालायची. एरवी नुसतं निळं एअरमेलचं पत्र. त्यात काही घालायची सोय नव्हती, म्हणून मी मजकूर लिहून झाला की आई कोपऱ्यात हळदीचं बोट टेकवायची. पुढच्या पत्रात हौसराव कळवायचा, बोट पोचलं.

आता आई नाही, हौसरावही नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी शिरूरच्याच घरात एकटी राहते, आणि भिंतीपलीकडे सरूबाई. त्यांचे यजमान मारुतराव बाजार समितीत मापाडी होते. ऐंशी ओलांडून चैत्रात गेले. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी तेजश्री लग्न होऊन मेलबर्नला, आणि तिचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्यात. हे पार्सल तिच्यासाठी होतं.

मुलीने कात्री पुढे केली. सरूबाईंनी ती घेतली नाही. पदराची पिन काढून त्या एकेक टाका सोडवू लागल्या. दोरा तुटू न देता.

“नाव काय गं तुजं?”

“राजश्री.”

“लगीन झालंय?”

“नाही अजून.”

“मंग तुला काय कळायचं ह्यातलं!”

राजश्री हसली आणि एकेक वस्तू बघू लागली. डिंकाच्या लाडवांचा डबा तिने उघडला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. घरचं तूप, चालणार नाही. बाळंतशोपाची पुडी बाजूला.

“बी आहे ना हे. तिकडं बियाणं अजिबात चालत नाही. फार कडक आहे.”

“आगं, पेरायची न्हाई ती. चावून खायची हाय.”

“त्यांना ते कोण सांगणार, आजी? आणि ही काडी कसली?”

“येखंड. उगाळून लावायचं पोराला.”

“म्हणजे मूळ. मुळंपण नाही.” तिने काजळाची डबी उचलली. “हे घरी केलंय? मग हेपण राहू द्या.”

“पोरी, तू पार्सल घ्यायला बसलीस का घर रिकामं करायला? मंग जातंय तरी काय तुमच्या इमानातनं?”

“कपडे जातात.”

सरूबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मंग झालं की. त्येच तर म्हत्त्वाचं. बाकी समदं असंच.”

त्यांनी तळातून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली घडी काढली. एक झबलं, एक टोपडं, एक दुपटं. सगळं मारुतरावांच्या धोतराचं. आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. घरात जो सगळ्यात जास्त जगला त्याच्या जुन्या कपड्याचं झबलं शिवतात, त्याचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. वर्षानुवर्षं दगडावर आपटून ते धोतर असं झालं होतं, की हातात घेतलं तरी काही घेतलंय असं वाटत नव्हतं. सरूबाईंनी झबल्याला बंद लावले होते, आणि बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली होती.

राजश्रीने ते उचललं तेव्हा दोन्ही हातांनी उचललं.

“आमच्यातबी असंच करतात,” ती हळूच म्हणाली. “माझ्या भाच्याला आमच्या आजीच्या लुगड्याचं घातलं होतं.” मग तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. “पण आजी, इथं विचारतात. नवीन आहेत का वापरलेले?”

“वापरल्यालंच की.”

“वापरलेलं लिहिलं तर तिकडं तपासायला ठेवून घेतात. किती दिवस ते सांगता येत नाही. नवीन लिहू का? बाळाचे नवीन कपडे. सरळ जाईल.”

“नवं न्हाई लिवायचं.”

“आजी, नुसतं लिहायचंय.”

“नवं म्हनलं की त्येंचं वय गेलं त्यातनं. मंग उरलं काय? कापाड.”

मी समजावून पाहिलं. म्हटलं, “सरूबाई, कागदावर काय लिहिलंय ते बाळाला थोडंच कळणार आहे? अडकून पडलं तर पहिलं म्हणून घालायचं राहून जाईल. मग काय उपयोग?”

“तुमचं काय, बाई! तुमी तर आख्ख्या गल्लीचा वाडदिवस एक जूनला लिवून ठिवलाय शाळंत.”

“माझ्या पप्पांचापण एक जूनच आहे,” राजश्री म्हणाली.

“बगा! ह्यांनीच लिवला आसंल.”

आम्ही तिघीही हसलो. पण सरूबाईंनी घडीवरचा हात काढला नव्हता. पाठीमागे एक माणूस लॅपटॉपचं खोकं घेऊन ताटकळत उभा होता. शेवटी मीच म्हटलं, तेजूला विचारू या. ती सांगेल तसं करा.

सरूबाईंना ते फारसं पटलं नव्हतं. झबल्याचं त्यांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पार्सल उघडल्यावर तिचं तिला कळावं अशी त्यांची इच्छा. पण त्यांनी मान हलवली, आणि मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे संध्याकाळ झाली होती. तेजू सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. पावलं सुजलेली दिसत होती.

“आई! तू कुठं आहेस?”

“कुरेरच्या दुकानात. तेजे, ह्या पोरीला सांग की, ते कापाड जुनं हाय तर जुनंच लिव म्हनून. आन् लवकर धाड म्हनून.”

“कसलं कापड? आई, इथं सगळं मिळतं गं. मी सगळं आणून ठेवलंय.”

“ह्ये न्हाई मिळत.” सरूबाईंनी झबलं उचलून फोनसमोर धरलं. “आप्पांचं धोतार हाय. पयलं झबलं त्याचंच घालायचं.”

मला आधी वाटलं, फोन अडकला. मग दिसलं, तेजूने तोंडावर हात धरला होता.

मारुतराव गेले तेव्हा तिला डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. बाळ जेमतेम तग धरून होतं. तिला आप्पांचं शेवटचं दर्शन व्हावं म्हणून अंगणात फोन मीच धरून उभी होते. गर्दी होती, आणि माणसं मध्ये मध्ये येत होती.

“आई, ते नको पाठवू,” तेजू म्हणाली.

“का गं?”

“त्या दिवशी मला आप्पा दिसलेच नाहीत. नुसतं पांढरं दिसत होतं. पांढरं कापड आणि लोकांचे हात. अजून डोळे मिटले की तेच दिसतं. आई, मी बाळाला त्यात नाही गं ठेवू शकणार.”

राजश्री उगाचच कीबोर्ड सरळ करू लागली. मागचा माणूसही दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

सरूबाईंनी झबलं खाली घेतलं. माझ्या मनात आलं, आता त्या समजावतील. रीत सांगतील, आप्पांचं आयुष्य सांगतील. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

“रागावलीस?”

“न्हाई गं बाय. जेवलीस का?”

“जेवते आता.”

“पाय खाली नगं सोडून बसत जाऊ. आन् रडू नगं, पोटातल्याला कळतं. ठिव आता.”

फोन बंद झाल्यावर त्यांनी टोपडं, झबलं, दुपटं पुन्हा टॉवेलात बांधलं. लाडवांचा डबा राजश्रीपुढे सरकवला. ती नको नको म्हणाली. “खा,” सरूबाई म्हणाल्या, “तुज्या वयाचीच हाय ती.” मग सोडवलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला, त्याची लडी करून कनवटीला लावली आणि माझ्याआधी पायऱ्या उतरल्या.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. “बाई, तिला पांडरंच दिसलं म्हनती. आन् मला तर ते धोतार बगितलं की बाजारातनं येताना दिसत्यात.”

तेजूला मुलगी झाली. फोटो माझ्याच फोनवर आला. दवाखान्याच्या गुलाबी-निळ्या पट्ट्यांच्या कापडात गुंडाळलेलं, लालबुंद, मुठी आवळलेलं बाळ. सरूबाईंनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. नाक आप्पांचं आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पयलं कापाड पडलं अंगावर. ऊबदार दिसतंय.” एवढंच. गल्लीत पेढे मात्र त्यांनी दोनदा वाटले, कारण पहिल्यांदा कुणाला दिले ते आठवेना.

तेजू म्हणते, पुढच्या वर्षी येऊ. नाहीतर तूच ये. सरूबाई दर वेळी म्हणतात, “येती की.” पासपोर्टचं मी दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा विषय बदलला.

त्यानंतर एका सकाळी मी ओट्यावर बसले होते. सरूबाईंच्या दारातल्या दोरीवर त्यांचं नऊवारी वाळत होतं, आणि त्याच्या शेजारी एक झबलं, एक टोपडं, एक दुपटं. त्यांनीच सांगितलं, “पेटीत ठिवून वास लागतो. आन् धुतलं की आजून मऊ पडतं.” मग दर आठवड्याला मी ते दोरीवर पाहू लागले. पाहायचे आणि नजर काढून घ्यायचे.

परवा गल्लीत भाजीचा टेम्पो आला. नेहमीचा नव्हता, कोरेगाव भीमाकडचा कुणी नवा माणूस होता. भोंग्यावर रेकॉर्ड केलेला त्याचा आवाज साऱ्या गल्लीत घुमत होता. सरूबाई पिशवी घेऊन दारात आल्या. त्याने मेथी दिली, कांदे दिले. पैसे घेताना त्याची नजर दोरीकडे गेली.

“मावशी, बाळंतीन हाय व्हय घरात? मंग शेपू घ्या की. ताजा हाय, सकाळीच काडलाय.”

सरूबाईंनी दोरीकडे पाहिलं. ओट्यावर मी होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“द्या येक जुडी,” त्या म्हणाल्या. “आन् जरा हळू बोला. आत्ताच झोपलंय.”

त्याने जीभ चावली. गाडीत हात घालून आधी भोंगा बंद केला, मग शेपूची एक जुडी देऊन वर आणखी एक ठेवली. टेम्पो हळूच सुरू झाला. गल्ली संपेपर्यंत त्याने भोंगा परत लावला नाही.