खंडेनवमीला मला तेल पाजलं

या छोट्या मित्रांनो, जवळ या. सायकलीत हवा भरून होईपर्यंत तुम्हाला इथं थांबायचंच आहे, तर त्या आडव्या टाकलेल्या टायरवर टेका नि जरा वर बघा. पान्यांच्या रांगेवर खिळ्याला एक काळा दातेरी पट्टा लटकतोय ना, तो मी. कीर्तन ऐकून ऐकून मला एक खोड लागली आहे. श्रोते जमले की मला राहवत नाही. तेव्हा कान इकडे द्या. मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तिच्यात चोर नाही, दुष्ट नाही, सगळी एकमेकांवर जीव टाकणारी माणसं आहेत. आणि तरीही त्या मायेपायीच एक जीव जाता जाता वाचला.

मी एक जुना टायमिंग बेल्ट आहे. माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. रबर तापवलं, त्यात मजबूत दोऱ्यांचा गाभा घातला, आतून एकसारखे दात पाडले. रंग काळा, रूप साधं. पण मित्रांनो, काम मात्र असं की ज्याचा गर्व करू नये म्हटलं तरी होतो.

इंजिनात खाली पिस्टन वर-खाली धावतात. वरच्या अंगाला व्हॉल्व्ह नावाच्या लहान झडपा उघडतात नि मिटतात. पिस्टन वर येताना झडप वाटेतून बाजूला झालेली हवी. ती वेळ चुकली की पिस्टन झडपेवर आदळतो, इंजिन जागीच अडकतं, आणि धावत्या गाडीचं मागचं चाक एकदम जाम होऊ शकतं. म्हणून इंजिनातलं खालचं दातेरी चाक आणि वरचं दातेरी चाक एका तालात बांधून ठेवायचं, हे माझं काम. कीर्तनात बुवा आळवतात, लोक बुवांकडे बघतात, पण ताल सांभाळतात ते मागं उभे असलेले टाळकरी. मी तसा टाळकरी. आणि टाळ कधी एकटा वाजत नाही. आमच्या इंजिनात डावीकडे मी होतो, उजवीकडे माझा जुळा भाऊ.

आमची गाडी म्हणजे लांबच्या प्रवासासाठी घडवलेली, म्हशीसारखी थोराड मोटारसायकल. मागं बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, दोन्ही अंगांना पेट्या. ती होती भोपर गावच्या राघोदादांची. त्यांचे वडील मिठागरावर राबले. पुढं मिठागर गेलं, शेतात इमारती आल्या, पण राघोदादांच्या हाताला शोभली ती गाडी आणि पखवाज. त्यांची बायको सगुणाताई कीर्तनकार. ताई कीर्तन करायच्या, दादा पखवाजाला बसायचे, आणि दोघांना वाड्यापाड्यांवर पोचवायचे ते आम्ही.

पहिल्या खेपेला खडवलीत लोक हसले होते. नऊवारी नेसलेली, बुक्का लावलेली बाई एवढ्या धुडावरून उतरते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं खवचटपणे विचारलं, की माय, कीर्तनाला आलीस की सर्कशीला? ताईंनी पदर सारखा केला नि म्हणाल्या, "बाबा, देव गरुडावर बसतो, त्याला कुणी हसलं नाही. मी निदान रस्त्यावरून तरी येते." मांडवात हशा पिकला. मग त्या म्हाताऱ्यानंच पुढं होऊन ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि पुढं दरवर्षी बोलावणं येऊ लागलं.

मुरबाड पाहिलं, वाडा पाहिला, माळशेजचं धुकं पाहिलं. ताई निरूपणाला उभ्या राहिल्या की मी मांडवाच्या कडेला, गार होत चाललेल्या इंजिनात, ऐकत असे. पखवाजावर दादांची थाप पडली की वाटे, या हातांना इथवर आणलं कुणी? आम्ही. मी एकदाही एक दात चुकलो नाही, मित्रांनो. चढावर नाही, चिखलात नाही.

मागच्या नवरात्रात ताईंचं कीर्तन ठाण्यात होतं. येताना दादांनी टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घ्यायला गाडी उभी केली. बघता बघता पोरांचा गराडा पडला. कुणी टाकीला हात लावला, कुणी आरशात केस सारखे केले, फोटो तर विचारूच नका. दादांना आनंद झाला, पण घरी जाताना ते ताईंना म्हणाले, की लोक चकाकी बघतात, आत राबतो त्याला कुणी विचारत नाही. मी ते ऐकलं नि फुललो.

आणि खंडेनवमीला, ज्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो, दादांनी ते बोल खरे केले. मिठागरावरच्या माणसांची एक रीत आहे. मीठ लाकूड खातं, लोखंड खातं. म्हणून त्या दिवशी फावड्याला, घमेल्याला, दांड्याला तेल पाजायचं. पोटभर पाजायचं. दादांचे वडील तसंच करत. दादांनी सकाळी पाट मांडला, पाने काढले, आणि इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं. मग कोमट खोबरेल तेल बोटानं माझ्या अंगावर चोळलं, दाताच्या खाचाखाचांत भरलं, भावालाही न्हाऊ घातलं. वर हळदकुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या. हात जोडून म्हणाले, की बाबांनो, तुमच्या जिवावर फिरतो.

माझी अशी पूजा तोवर कुणीच केली नव्हती. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस. आणि त्याच दिवशी माझ्या मरणाची सुरुवात झाली.

तेल लाकडाला अमृत, मित्रांनो, पण माझ्यासारख्या रबराला विष. ते अंगात मुरलं तसा मी फुगलो, ढिला पडलो. दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा उमटल्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पट्ट्याला कुठली वाचा? दादांचा कान मात्र पखवाजियाचा. त्यांना इंजिनाच्या सुरात काहीतरी खटकलं. कार्तिकात ताईंचं कीर्तन कसारा घाटाच्या वर, एका वाडीत ठरलं होतं. गावानं पहिल्यांदाच काल्याचं कीर्तन, म्हणजे सप्ताहाचा शेवटचा मान, एका बाईला दिला होता. आदल्या दिवशी दुपारी दोघं गाडी घेऊन इथं, कोपरीत, महेंद्रच्या गॅरेजात आले.

आम्हाला गाडीत बसवलं होतं ते महेंद्रनंच. दादा आत येताना 'रामकृष्णहरी' म्हणत, महेंद्र 'जय भीम' म्हणे, आणि मग दोघं एकमेकांच्या चहाला नावं ठेवत. त्या दिवशीही तसंच झालं. दादा म्हणाले, जरा पट्टे आवळून दे, उद्या घाट चढायचाय. महेंद्रनं झाकण उघडलं. आत हळदकुंकवाचा चिखल. त्याला आधी हसू आलं. म्हणाला, दादा, इंजिनाचं लग्न लावलंत काय? मग त्यानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि त्याचा चेहरा उतरला. अंगठ्यानं मला दाबून त्यानं माझे दात उजेडाकडे वळवले.

"दादा, हे दोन्ही काढायला लागतील. आत्ताच."

दादांना ते लागलं. पूजा केलेली वस्तू अशी उपटून टाकायची? इतकी वर्षं एकदाही दगा न दिलेली? गाडी चालतेय ना, मग झालं. त्यातून महेंद्र जेव्हा म्हणाला की हे तेलानं झालंय, तेव्हा तर त्यांचा आवाजच चढला.

"माझे बापानं जलमभर हत्याराला तेल पाजलाय. तुझे बोलन्यानं ता पाप झाला काय?"

"पाप नाही हो. पण हे फावडं नाही, रबर आहे. घाटात तुटलं तर मागचं चाक जाम होईल."

"आवळून दे. माझी गाडी हाय."

"गाडी तुमची आहे. पण हे झाकण मी असं लावणार नाही." महेंद्रनं पाना खाली ठेवला. "दुसऱ्याकडे नेलीत तरी चालेल. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? मला दादांची बाजू घ्यावीशी वाटली. एवढा मान दिला त्यांनी, एक घाट तर काढू, असं मनात येत होतं. पण दातांची मुळं सुटत चालली होती, ते माझं मलाच ठाऊक होतं. गाडीवर मागं कोण बसणार तेही ठाऊक होतं.

सगुणाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर पखवाज मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दादा खिशातली किल्ली काढून गाडीकडे वळले तेव्हा त्या बोलल्या, तेही अगदी घरातल्यासारख्या आवाजात.

"अवो, पखवाजाला कणीक लावता ना तुम्ही?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा लावतात, तेव्हा तो घुमतो. दादा चिडूनच म्हणाले, की लावतो, त्याचं इथं काय?

"दर कीर्तनाला नवी लावता. जुनी खरवडून काढता. तिनं काय कमी सेवा केली? ती का नाही ठेवत चिकटवून?"

"सुकते ती. मंग नाद फुटतो."

"मग काढताना तिचा अपमान होतो का?"

दादा गाडीपाशी उभे राहिले. हात हँडलवर तसाच. मग त्यांनी किल्ली महेंद्रच्या बाकावर ठेवली आणि म्हणाले, "काढ."

महेंद्रकडे नवी जोडी आधीच आणून ठेवलेली होती. हे पट्टे चांगले दिसले तरी ठरावीक वर्षांनी बदलायचे असतात, हे त्याला माहीत होतं. दादांना तो दोन दिवाळ्या सांगत आला होता. आता त्यानं इंजिन हातानं फिरवून खुणा जुळवल्या, ताण सैल केला आणि मला हळूच बाहेर ओढलं. वरच्या चाकाला आतल्या झडपांच्या स्प्रिंगा ढकलत असतात, ते उसळू नये म्हणून त्यानं दादांच्या हाती पाना दिला नि धरून ठेवायला सांगितलं. मग उजेडात त्यानं मला उलटं वाकवलं. माझे काही दात त्याच्या तळहातावर गळून पडले, पिकलेल्या दाण्यांसारखे.

दादांनी ते पाहिलं. मग मान वळवून ताईंकडे पाहिलं.

"ही मागं बसनार होती," एवढंच म्हणाले. पाना त्यांनी आणखी घट्ट धरला.

मग दोघांनी मिळून काम केलं. सगळं तेल पुसून काढलं, दातेरी चाकं कोरडी केली. नवे पट्टे चढले. महेंद्रनं इंजिन हातानं पुरे दोन फेरे फिरवलं, तर उजवीकडची खूण एक दात पुढं. कुणी म्हटलं असतं, एवढ्यानं काय होतं. त्यानं पुन्हा सगळं सैल केलं. दुसऱ्यांदा फिरवताना दादा वाकून खुणांकडे बघत होते. खुणा बरोबर जागेवर आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून वाहवा निघाली, जशी समेवर येणाऱ्या गायकाला मिळते. गाडी सुरू झाली, नि नव्या जोडीचा ताल ऐकून मला, खरं सांगतो, हेवा नाही वाटला. वाटलं, आपण ज्या जागी उभे होतो ती जागा मोठी होती म्हणूनच कुणीतरी तिची एवढी काळजी घेतंय.

एक प्रश्न राहिला होता. पूजलेलं फेकायचं कसं? दादा म्हणाले, खाडीत विसर्जन करू. महेंद्र म्हणाला, खाडीनं आधीच पुष्कळ रबर गिळलंय दादा, तिला उपवास करू द्या. शेवटी भावाला दादांनी भोपरला नेलं. तो आता पखवाजाच्या खुंटीशेजारी असतो. मी इथं राहिलो.

दुसऱ्या दिवशी घाट चढला, काला झाला. परतीच्या वाटेवर दोघं इथं उतरली. ताईंनी महेंद्रच्या हातावर काल्याचा प्रसाद ठेवला. घाटाच्या वळणावर समोरून ट्रक अंगावर आला होता, दादांनी एकदम जोर दिला आणि गाडी तीरासारखी निघून गेली, असं ताई सांगत होत्या. दादा महेंद्रचा चहा नावं न ठेवता पीत होते. हे मी प्रथमच पाहिलं.

तर मित्रांनो, जीव लावाल त्या वस्तूला काय हवं ते आधी विचारा, मगच द्या. आपल्याला आवडतं ते सगळ्यांना पचत नाही. आणि चालतंय तोवर चालू दे, असं म्हणू नका. चालतंय तेव्हाच बदलायचं असतं.

हवा भरून झाली तुमची. जाताना एक ऐका. मोठे व्हाल, तुमचीही जिवाभावाची माणसं होतील. एखाद्या दिवशी त्यांतला कुणीतरी तुम्हाला नाही म्हणेल, पाना खाली ठेवेल, तुम्ही रागावून वळाल. तेव्हा माझी नाही, पण तिथं पंक्चर काढत वाकलेल्या त्या महेंद्रकाकांची आठवण ठेवा.