वाढवून मिळालेली पाच वर्षं

इव्हॉनने सरकारी नकाशा मासे चिरायच्या फळीवरच पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक अख्खा सॅमन ठेवला. कागदाला रक्त लागलं. त्याने ते पुसलं नाही.

"आमची जागा कुठाय यात?"

भूमी कार्यालयातून आलेली मेगन होडीतून उतरून अजून उभीच होती. "ही जागा अभयारण्यात गेली, काका. युद्धामुळे अर्ज हुकलेल्या मूळनिवासी सैनिकांसाठी ते पिवळे पट्टे ठेवलेत. त्यातली एकशेसाठ एकर निवडायची."

पिवळे पट्टे डोंगरांपलीकडे होते, पाचशे मैलांवर.

"तिथं कोण राहतं?"

"कोणी नाही. मोकळी जमीन आहे."

"मोकळी म्हणे," इव्हॉनची बायको एलेना सुरी न थांबवता म्हणाली. "तिकडचे लोक शिकार करतात कुठं मग, तुमच्या ऑफिसात?"

मेगनने घाईघाईने चांगली बातमी सांगितली. "मुदत संपत आली होती ना, ती पाच वर्षं वाढवलीय. निवांत ठरवा."

इव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाहत्तर साली वडिलोपार्जित जागेच्या अर्जाची पहिली मुदत संपली, तेव्हा तो आणि थोरला भाऊ वसिली व्हिएतनामच्या चिखलात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. कार्यालयाचं पत्र घरी आलं, पण इंग्रजी वाचणारं घरात कुणी नव्हतं.

"तेव्हा एक दिवस वाढवला नाहीत. आता पंचाहत्तरी उलटल्यावर पाच वर्षं देताय. मोठीच मेहेरबानी."

तेवढ्यात चार वर्षांची एक पोर मासे धुरावर वाळवायच्या खोपटातून आली आणि फळीशी उभी राहिली. इव्हॉनचा आवाज एकदम मऊ झाला.

"दादाला पोटाकडचा तुकडा दे गं," तो एलेनाला म्हणाला.

"दादा?" मेगनने विचारलं. एलेनाने तुकडा कापून दिला. "वसिलीभावजी जमिनीची वाट बघत बघतच गेले," ती पोरीकडे बोट दाखवून म्हणाली. "त्यानंतर गावात पहिली ही जन्मली. नाव वसिलीच ठेवलं. आमच्यात नावाबरोबर गेलेला माणूस परत येतो. मुलगी असली म्हणून काय झालं, माणूस तोच."

इव्हॉनने मेगनच्या हातातून पेन घेतलं आणि आपल्याच नदीच्या वळणावर, आजीने मासे वाळवले त्या जागेवर, ठसठशीत फुली मारली.

"काका, हा अर्ज फेटाळतील."

"किती दिवसांत?"

"वर्षभर लागतं."

"मग पुढच्या वर्षी परत करीन. त्याच्या पुढच्या वर्षीही."

तो वाकून अर्जाचा एकेक रकाना भरत गेला. पलटण, नोकरीची वर्षं, पत्ता. राग अंगात असूनही अक्षर सैन्यात शिकवलेलं, सरळ होतं. मेगनने कागद हातात घेऊन वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"इथं चुकलंय तुमचं. वारसाच्या नावापुढे तुम्ही 'इव्हॉन' लिहिलंय. तुमच्यानंतर हा दावा कोण चालवणार, त्याचं नाव हवंय."

"तेच लिहिलंय," इव्हॉन म्हणाला आणि नकाशावरचा मासा उचलून चिरायला घेतला.