आवाज संपतो तिथे

धाकटीने कळ दाबली. क्लिपचं शेपूट तुटलं आणि पुढची क्लिप आपोआप सरकून मागचीला चिकटली. त्याच क्षणी ताईचं बोट तिच्या खांद्यात रुतलं.

सतरावी क्लिप, आणि अकराव्यांदा तेच बोट.

"आता काय?" धाकटीने मान वळवून, ओठ ठळक हलवत विचारलं.

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याने तोंड तिच्याकडे करून बोलायचे कष्ट घेतले, तर ती ओठ वाचायची. तिने मोबाइलवर टाइप करून पडदा धाकटीच्या नाकासमोर धरला.

"लवकर कापलंस."

सकाळपासून हे दोनच शब्द. धाकटीने हेडफोन मानेवर ओढला आणि डोळे मिटून घेतले. काम खरं तर हातचा मळ होतं. एका रुग्णालयाला ऐकू न येणाऱ्या रुग्णांसाठी बेचाळीस छोट्या क्लिप हव्या होत्या: घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची, टाके कसे जपायचे, कधी धावत परत यायचं. वॉर्डची मुख्य नर्स सूचना वाचणार आणि शेजारी उभी राहून ताई त्या खुणांच्या भाषेत सांगणार. ताई मुलांना तीच भाषा शिकवायची. चार वाजेपर्यंत सगळं पाठवायचं होतं. उद्यापासून वॉर्डातल्या पडद्यांवर ते चालू होणार होतं.

धाकटी ऑफिसात वेगासाठी प्रसिद्ध होती. तिची नजर चित्रावर नसायचीच. खाली आवाजाची निळी रेघ धावायची, डोंगर-दऱ्या करत. ती सपाट झाली की दोन फ्रेम सोडायच्या आणि कापायचं. डाव्या हाताच्या तीन बोटांत सगळं काम व्हायचं. बेचाळीस क्लिप म्हणजे तासाभराचा खेळ. पण ताईने शेजारी खुर्ची ओढली आणि नाकी नऊ आणले.

"अगं, पुढे काहीच नाहीये," धाकटी म्हणाली. "नुसते तुझे हात खाली येताहेत. ते काय बघायचं लोकांनी?"

 ताईने सरळ हात घालून तिच्या मानेवरचा हेडफोन काढला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण गुडघ्याने बंद केला. स्पीकरचं बटणही तिने फिरवलं. तिला ते बटण कुठलं हे माहीत असावं, याचंच धाकटीला नवल वाटलं. ताईने सतरावी क्लिप मागे नेली आणि पुन्हा टाइप केलं.

"तू पेशंट आहेस. सांग किती गोळ्या."

"मला वेळ नाहीये, ताई."

ताईने मोबाइल हलवला नाही.

धाकटीने क्लिप लावली. पडद्यावरची ताई आवाजाविना हात हलवू लागली. दोघींच्या घरगुती दहा-बारा खुणा सोडल्या, तर धाकटीला ही भाषा येत नव्हती. पण सूर्य वर आला, एक बोट, म्हणजे सकाळी एक, एवढं कळलं. सूर्य डोक्यावर, एक बोट. मग सूर्य मावळला, हात वर निघाला आणि क्लिप संपली.

"रात्री..." धाकटी अडखळली. "एकच ना?"

ताईने तिचाच माउस घेऊन कापलेलं शेपूट परत ओढून काढलं. पडद्यावरचा हात पूर्ण वर आला, एक बोट उभं राहिलं आणि दुसऱ्या हाताने ते मधोमध छाटलं. अर्धी. तोवर नर्सचं वाक्य संपून सव्वा सेकंद झाला होता. नर्सची जीभ भराभर चालायची. ताई सावकाश सांगायची, पाहणाऱ्याला कळेल इतकी सावकाश.

 धाकटीने सोळावी क्लिप उघडली, मग पंधरावी. टाक्यांतून रक्त आलं तर... आणि पुढचं 'लगेच या' तिने साफ उडवलं होतं. सतरा क्लिपांपैकी अकरा अशाच होत्या, सगळ्या अगदी सफाईने कापलेल्या.

"आधी नीट सांगायचं ना मग," ती चिडून म्हणाली. पण हे म्हणताना तिचं तोंड पडद्याकडे होतं, त्यामुळे ताईला ते कळलंच नाही.

पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. निळी रेघ तिने झाकूनच टाकली. आता हात बघायचे, ते थांबून पोटाशी विसावले की मगच कापायचं. तीन बोटांचा वेग कुठल्या कुठे गेला. नर्सचा दोनदा फोन आला. आपल्याकडे पोचलेल्या क्लिप चार-चार सेकंदांनी लांबल्याबद्दल तिने कुरकुर केली, धाकटी तिच्यावरही डाफरली. ताईने शेजारी शांतपणे चहा संपवला. त्यानंतर तिचं बोट खांद्यावर आलं ते फक्त तीनदा.

चाळिसाव्या क्लिपमध्ये हात विसावले, तरी धाकटीने कळ दाबली नाही. चित्र पुढे चालू राहिलं. कॅमेऱ्यामागे सूचनांचे कागद धरून ताईची शाळेपासूनची मैत्रीण उभी होती, तिलाही ऐकू येत नव्हतं. पडद्यावरची ताई तिला काहीतरी सांगत होती. हात इतके वेगात, इतके खट्याळ चालले होते, की धाकटीने ते असे कधी पाहिलेच नव्हते. मग ताई पोट धरून हसली. मैत्रीणही हसली असावी, कारण कॅमेरा हलला. शेवटी ताईने भिंगाकडे, म्हणजे जिच्याकडे ही क्लिप येणार होती तिच्याकडे, बोट केलं, पुन्हा हसली आणि कॅमेराही पुन्हा हलला.

धाकटीने चित्र थांबवलं. तिने खुर्ची पूर्ण वळवली.

"काय म्हणालीस इथे? माझ्याबद्दल होतं ना?"

ताईने पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. चाराला दहा मिनिटं कमी होती. तिने ओठ किंचित मुडपून हवेत हात झटकला.

ती खूण धाकटीला येत होती. घरच्या दहा-बारा खुणांतली ती सगळ्यात जास्त वापरातली. जेवताना सगळे खदखदून हसले की ताई एकेकाचं तोंड बघत विचारायची, काय झालं? मग आई, बाबा, काका, आणि मोठी झाल्यावर धाकटीही, हात असाच झटकायची.

काही नाही. नंतर सांगते.

धाकटीने पुन्हा विचारायला तोंड उघडलं. ताई कधी दुसऱ्यांदा विचारायची का, हे तिला काही केल्या आठवेना. तिने खुर्ची वळवली आणि एकेचाळिसावी क्लिप उघडली.