जुईची खुर्ची

मुलांनी काढलेली माणसं कागदावरून उठायची, त्या-त्या मुलाच्या खुर्चीवर बसायची आणि मूल ‘झालं’ म्हणेपर्यंत बसून राहायची. तोवर ते मूल उभं. खोलीत खुर्च्या सहाच, त्याही बुटक्या. उंच माणसाचे गुडघे हनुवटीला टेकायचे. पण कुणी कुरकुर केली नाही. गेलेल्या माणसांना अवघडून बसायची सवय असते.

घरातलं कुणी गेलेली चार-पाच वर्षांची मुलं मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेतल्या या खोलीत यायची. सुनेत्रा त्यांना कागद, रंग, ब्रश द्यायची. कामाचे नियम तिनेच भिंतीवर लावले होते. चित्रातलं माणूस कोण, ते विचारायचं नाही. छान म्हणायचं नाही. काय काढायचं ते सांगायचं नाही. फक्त ‘याच्याबद्दल सांग’ म्हणायचं आणि ऐकायचं. मूल सांगायचं, सांगून संपलं की ‘झालं’ म्हणायचं, आणि माणूस मुकाट्याने कागदावर परत जायचं.

हौसामावशी खोली झाडायच्या. “पाय घ्या वर, अण्णा,” त्या कुणाच्यातरी आजोबांना म्हणायच्या. “जित्तेपणी ऐकलं नाहीसा, आता तरी ऐका.” आजोबा पाय वर घ्यायचे.

आई गेल्यावर चाळीस दिवसांनी सुनेत्रा कामावर आली. त्याच शुक्रवारी जुईने सुनेत्राच्या आईचं चित्र काढलं.

जुई पाच वर्षांची. तिची स्वतःची आई दिवाळीत गेली होती. सुनेत्राच्या आईला तिने कधी पाहिलं नव्हतं. पण बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना बरोबर होत्या. दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी बरोबर होती. सुजून तकतकीत झालेली पावलंही. तोंड तेवढं काढायचं राहिलं होतं. आई उठली, जुईच्या खुर्चीवर बसली आणि पदर सारखा केला.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी आई म्हणाली होती, “अगं, ऐक ना.” सुनेत्रा “आलेच” म्हणून पाण्याची बाटली भरायला गेली. नळाशी चार माणसं पुढे होती. परत आली तेव्हा आईचं तोंड अर्धवट उघडं होतं, आणि सांगायचं ते आतच राहिलं होतं.

“जुई,” सुनेत्रा म्हणाली, “तिला तोंड काढ ना.”

अठरा वर्षांत तिने कुठल्याच मुलाला असं सांगितलं नव्हतं. जुईने ब्रश खाली ठेवला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“मग हे तुमचं चित्र. तुम्हीच काढा.”

“अगं, झालं म्हण आणि बस की,” हौसामावशी म्हणाल्या.

“माझं नाही ते. ताई म्हणतील.”

सुनेत्राने ‘झालं’ म्हटलं नाही. तिने त्या दिवशी पदराचे काठ रंगवले. मंगळवारी केस रंगवले, एकेक करून. आई खुर्चीवर बसून बघत होती. जुई शेजारी उभी होती.

पुढच्या शुक्रवारी खोली एका फरशीने लहान झाली. त्यानंतर प्रत्येक वाराला एकेक फरशी कमी होत गेली. “बरंय,” हौसामावशी म्हणाल्या, “झाडायला कमी.” मग झाडू भिंतीला टेकवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, त्या पोरीचा बाप भेटला होता. पोर घरीबी बसंना झालीय म्हणं. उभ्यानं जेवती. कपाटाला टेकून झोपती.”

“थोडंच राहिलंय,” सुनेत्रा म्हणाली.

तिने सेफ्टी पिनांवर चकाकी दिली. चष्म्याच्या काचेत खिडकी काढली. बाकीची मुलं एकेक करून झालं म्हणाली आणि यायची थांबली. त्यांच्या खुर्च्या भिंतींमध्ये गेल्या. शेवटी एक खुर्ची उरली, आणि सुनेत्राला आईच्या गुडघ्यांना गुडघे लावून फरशीवर बसावं लागलं. तिथून जुईचे पाय दिसत होते. बूट उतरवून ठेवलेले होते. पावलं त्यात मावत नव्हती. ती सुजून तकतकीत झाली होती.

“ताई,” जुई म्हणाली, “मला माझ्या आईचं चित्र काढायचंय. पण ती बसणार कुठे?”

सुनेत्राने ब्रश रंगात बुडवला. बंद तोंड काढलं तर लगेच झालं म्हणता येईल, हे तिला माहीत होतं. हात मात्र त्या दुपारचं तोंडच काढत गेला. अर्धवट उघडं.

आईने श्वास घेतला.

“अगं, ऐक ना.”

“ताई, म्हणा आता,” जुई म्हणाली. तिने भिंतीचा आधार घेतला होता.

सुनेत्राने आईकडे पाहिलं. मग त्या पावलांकडे पाहिलं. शब्द एकच होता, तो तिच्या जिभेवर आला होता. तिने तोंड उघडलं.

“आलेच,” ती म्हणाली.

आई वाट बघत राहिली. जुईने रंगाच्या पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी सुनेत्रापुढे धरली.